जागरणाचे पुण्य

माघ महिना सरत आला, की आमच्या घरी एका नव्या कुळाचारास आरंभ होतो. रात्रीची झाकपाक होऊन मंडळी निजावयास गेली, देवघरातील समई शांत झाली, म्हणजे स्वयंपाकघरात पुनश्च शेगडी पेटते, आधण चढते, आणि साखर किंचित जास्त घातलेला कडक चहा थर्मासमध्ये भरून परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या मेजावर नेऊन ठेवला जातो. ठेवणारीच्या मनात मायेवाचून दुसरे काही नसते. हा विधी केवळ आमच्याच घरचा आहे असे नव्हे. ज्या ज्या घरी शिकणारी मुले आहेत त्या त्या घरी तो थोड्याफार फरकाने चालत असावा. म्हणूनच त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

यंदा आमची थोरली नात बारावीच्या परीक्षेस बसणार आहे. मुलगी हुशार, कष्टाळू आणि थोडीशी मानी. चहाने झोप उडेनाशी झाली, तेव्हा तिने कॉफी धरली. रात्री दहाला एक पेला, बाराला दुसरा, आणि दीड-दोनच्या सुमारास अंथरुणास पाठ. पहाटे सहाचा गजर होतो तो तिच्याखेरीज घरातील सर्वांस ऐकू येतो. दुपारी पुस्तक उघडे असते आणि डोळे मिटलेले असतात. मग त्या वाया गेलेल्या दुपारची भरपाई करण्यासाठी रात्री पुन्हा कॉफी. एके सकाळी तिच्या आईने काळजीने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, वाचतेय मी सगळं, पण वाचलेलं राहतच नाही गं डोक्यात."

आमचे वडील बंधू झोपाळ्यावर बसले होते. ते म्हणाले, "त्यात एवढं काय? आम्ही चिमणीच्या उजेडात अभ्यास केले. जागल्यावाचून कधी विद्या आली आहे कोणाला?" सर्वांनी मान डोलाविली. आमच्या हातातील वर्तमानपत्र मात्र तसेच राहिले. कारण नातीचे ते वाक्य आम्ही पूर्वी एकदा, दुसऱ्याच एका मुलाच्या तोंडून ऐकिले होते, आणि त्यास जे उत्तर दिले होते त्याची लाज आम्हांस आजही वाटते.

ही गोष्ट १९९३ सालची. आम्ही तेव्हा एका खेड्यातील प्राथमिक शाळेत सातवीचा वर्ग शिकवीत होतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आपली मुले चमकावीत, ही त्या काळी प्रत्येक शिक्षकाची आकांक्षा असे, व तीत मुलांच्या हिताइतकाच आमच्या नावलौकिकाचाही भाग होता हे कबूल केले पाहिजे. दिवाळी संपताच आम्ही निवडक मुलांस रात्री शाळेतच मुक्कामास बोलाविले. मुले घोंगड्या व वाकळी घेऊन येत. रात्री अकरा वाजता आम्ही स्वतः स्टोव्हवर पातेलेभर चहा करीत असू व पुन्हा पहाटे चारला. त्या मुलांत गावच्या शिंप्याचा एक मुलगा होता. बुद्धीने सर्वांत तल्लख, आणि निजे सर्वांच्या शेवटी. सकाळी प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्यास पुढे उभा करून सांगत असू, "पाहा, हा काल दोन वाजेपर्यंत जागा होता. ह्याला म्हणावं विद्यार्थी!" परिणाम असा झाला, की तो अधिकच जागू लागला आणि बाकीची मुले जागल्याचे सोंग करू लागली.

पुढे एके रात्री तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, वाचतोय, पर ध्यानातच ऱ्हाईना." आम्ही म्हणालो, "आणखी एकदा वाच," आणि त्याच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

परीक्षेच्या दिवशी सकाळची उत्तरपत्रिका त्याने बरी लिहिली. दुपारच्या वेळेस मात्र त्याने बाकावर डोके टेकले ते पर्यवेक्षकांनी हलवून उठविले तेव्हाच उचलले. निम्मी प्रश्नपत्रिका कोरी राहिली. फाटकापाशी आम्हांस पाहून तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, मला येत हुतं." शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. आठवड्याने त्याचे वडील शाळेत आले व हात जोडून त्यांनी विचारले, "गुरुजी, पोरगं कुठं कमी पडलं?" आम्ही उत्तर दिले, "हुशार आहे. पण ऐन वेळी लक्ष दिले नाही." त्या गृहस्थांनी मान खाली घातली व ते निघून गेले. मुलगा दहावीनंतर वडिलांच्या शिवणयंत्रावर बसला. आम्ही सेवानिवृत्त होईपर्यंत त्याच्याच हातचे सदरे वापरले. परंतु खरे काय ते त्याच्या वडिलांस कधी सांगितले नाही.

असो. चहा नेमके काय करतो, हे आम्हांस फार उशिरा समजले. चहा व कॉफी यांत तरतरी आणणारे जे द्रव्य असते त्यास कॅफीन म्हणतात. रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८१९ साली कॉफीच्या बियांतून वेगळे केले. आणि त्या बिया त्यास देणारा गृहस्थ म्हणजे शाकुंतलाची मुक्तकंठाने स्तुती करणारा महाकवी गटे, हे संस्कृताच्या अभ्यासकांस ऐकून मौज वाटेल. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसीन नावाचे एक द्रव्य साठत जाते. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसू लागले, की जडपणा व झोप येते. कॅफीन काय करते? त्या जागा अडवून बसते. म्हणजे दाराशी सावकार आला असता "मालक घरी नाहीत" असे सांगणाऱ्या गड्याचे काम ते करिते. सावकार काही परत जात नाही; तो ओट्यावर बसून राहतो, व्याज चढत राहते, आणि गडी दमून बाजूस झाला की सगळी रक्कम एकदम मागतो. शिंप्याच्या त्या मुलाकडे सावकार नेमका दुपारच्या प्रश्नपत्रिकेच्या वेळी वसुलीस आला.

हा गडी लवकर दमतही नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडावयास साधारण पाच तास लागतात. माणसामाणसांत ह्यात बराच फरक असतो. म्हणजे रात्री दहाच्या कॉफीचा निम्मा अंश पहाटे तीनपर्यंत आत ठाण मांडून असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, निजण्यापूर्वी सहा तास आधी घेतलेल्या कॅफीननेही एक तासाहून अधिक झोप बुडाल्याचे दिसून आले. ती मात्रा मोठी, चारएक पेले कॉफीइतकी होती हे खरे. पण आमच्या नातीचे पेले सहा तास आधीचे नसून निजण्याच्या तोंडचे होते.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. पुण्यास १८९० साली पंचहौद मिशनमधील चहापानावरून केवढे रान उठले हे वाचकांस विदित आहेच. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे ह्यांसारखी मंडळी त्यात गोवली गेली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताच्या गोष्टी निघाल्या. चहा कोणाच्या हातचा घ्यावा ह्यावर त्या वेळी आपल्या समाजाने इतका खल केला. तो किती वाजता घ्यावा हे मात्र आपण कधी विचारलेच नाही.

परंतु मुख्य अपराधी चहा नव्हे. मुख्य अपराध आपल्या एका समजुतीचा आहे: जागरण हे पुण्य आणि झोप हा आळस. एकादशीचे व हरितालिकेचे जागरण पुण्यप्रद खरे. पण विद्येच्या प्रांतात हा हिशेब लागू पडत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९२४ साली दोघा विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरगट पाठ करवून घेण्यात आले, व नंतर काही वेळा त्यांस निजू दिले, काही वेळा जागे ठेविले. निजून उठल्यावर त्यांस जितके आठवले त्याच्या मानाने, तितकाच वेळ जागे राहिल्यावर फारच थोडे आठवले. पुढील संशोधनाने हेच पक्के होत गेले आहे, की दिवसा वाचलेले रात्रीच्या गाढ झोपेत पक्के होते. जो झोप कापतो तो धान्य पेरून पाणी तोडतो. नातीचे "राहतच नाही" हे गाऱ्हाणे तिच्या बुद्धीचे नव्हते, तिच्या रात्रीचे होते.

आणखी एक गोष्ट तर आम्ही मुद्दाम घरातील सर्वांस वाचून दाखविली. १९९७ साली दोघा संशोधकांनी असे दाखविले, की सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाचे हात व अवधान, रक्तात दर शेकडा ०.०५ इतके मद्य असलेल्या माणसाइतके मंदावते. सकाळी सहाला उठणाऱ्या मुलीचे सतरा तास रात्री अकराला भरतात. म्हणजे ज्या घरात मद्याचा थेंब कधी आला नाही, त्या घरातील मुलगी अकरानंतर झिंगलेल्या माणसाच्या अवधानाने रसायनशास्त्र वाचीत होती, आणि आम्ही वडील माणसे तिच्या चिकाटीची वाखाणणी करीत होतो.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांस हे ठाऊक नव्हते असे नाही. चरकाचार्यांनी आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानिले आहेत. सुखदुःख, पुष्टी व कृशता, बल व दौर्बल्य, इतकेच काय पण ज्ञान व अज्ञानही निद्रेवर अवलंबून आहे, असे आयुर्वेदाचे सांगणे आहे. मुंजीच्या वेळी बटूस दिवसा न निजण्याचा उपदेश करितात हे सर्वांस माहीत आहे; परंतु दिवसा निजण्यास कोणास मुभा आहे ह्याची जी यादी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे, तीत अध्ययनाने थकलेल्या मनुष्याचाही समावेश आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. ह्या दोन वचनांत आम्हांस विरोध वाटत नाही. आळसाने निजणाऱ्यास पहिले, श्रमाने गळालेल्यास दुसरे. वाग्भटांनी तर रात्री जागरण घडल्यास दुसऱ्या सकाळी, जेवणापूर्वी, जागरणाच्या निम्मा वेळ निजावे असे मापही घालून दिले आहे.

मग चहाकॉफीच्या आधारावाचून अभ्यासाच्या वेळी सावध राहावे कसे? ह्या प्रश्नाचा निम्मा उलगडा रात्रीच्या झोपेने होतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोप हवी, असे ह्या विषयातील वैद्यांचे मत आहे. येथे आम्हां वडील माणसांस एक सूचना करावीशी वाटते. वयोमानाने आम्हांस पहाटे चारला जाग येते व आम्ही तिला ब्राह्ममुहूर्ताचे नाव देऊन तीच मुलांवर लादू पाहतो. पण तारुण्याच्या उंबरठ्यावर शरीराचे घड्याळच दीड-दोन तास पुढे सरकते. त्या वयात रात्री झोप उशिरा येते व सकाळी उशिरा पुरी होते. हा निसर्गाचा भाग आहे, मुलांचा उद्धटपणा नव्हे. म्हणून आम्ही नातीस चारला उठविण्याचा आग्रह धरिला नाही. रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा ही वेळ ठरली, आणि रविवारीही ती मोडावयाची नाही असे ठरले. उठताच तिने अंगणात तुळशीपाशी कोवळ्या उन्हात पंधरा-वीस मिनिटे फिरावे. कारण सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ ठिकाणावर येते.

दुपारचा जडपणा हा दुसरा शत्रू. तो केवळ भातामुळे येतो असे नाही. दुपारी दोन ते चार ह्या वेळी अवधानास स्वभावतःच ओहोटी लागते, वरण-भात-तुपाचे ताट तिला हातभार लावते इतकेच. तेव्हा जेवण बेताचे करावे, आणि वीस-पंचवीस मिनिटे गजर लावून निजावे. नासा ह्या अमेरिकन संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांस उड्डाणात आळीपाळीने डुलकी घेऊ दिली, तेव्हा सरासरी सव्वीस मिनिटांच्या झोपेने त्यांची सावधानता स्पष्टपणे वाढल्याचे आढळले. मात्र तासभर निजल्यास मनुष्य गाढ झोपेतून उठतो व पुढचा अर्धा तास जांभया देण्यात जातो; आणि तीननंतर निजल्यास रात्रीची झोप बिघडते. डोळ्यांवर गार पाणी मारणे हा आमचा शाळेतील आवडता उपाय; त्याचा गुण पाच-दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, हे अनुभवाने सांगतो.

आता उरलेल्या निम्म्या उलगड्याविषयी. पुष्कळ वेळा मुलास जी पेंग येते ती झोपेची नसून अभ्यासाच्या रीतीची असते. बालपणी आम्ही काही वर्षे पाठशाळेत होतो. तेथे चहा नव्हता, कॉफी नव्हती, आणि संथेच्या वेळी पेंगणारा मुलगाही आम्ही पाहिला नाही. कारण संथा घेताना पेंगावयास सवडच नसते. गुरुजींनी एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा म्हणावे. स्वर चुकला की गुरुजींचा हात मानेवर येई आणि अनुदात्तास खाली, स्वरितास वर अशी मान हलवी. मुख, कान, मान, सर्व कामास लागलेले. संथा झाली की पोथी मिटून म्हणावयाचे, अडले तेथेच फक्त विचारावयाचे. उलट आजचा विद्यार्थी पलंगावर उशीस टेकून, मौन धरून, रंगीत शाईने ओळी अधोरेखित करीत तेच पान चौथ्यांदा वाचतो. अशा वाचनात शरीराने जागे का राहावे?

ह्यासही आता प्रयोगाचा आधार मिळाला आहे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांचे गट करून एकास मजकूर पुनःपुन्हा वाचावयास दिला, दुसऱ्यास वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहावयास लाविले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. पुनर्वाचनाचा मोह आपल्यास का सुटत नाही ह्याचे मर्म पहिल्या पाच मिनिटांत आहे. तेव्हा पलंग सोडून पाटावर अगर खुर्चीवर ताठ बसावे; अर्धा-पाऊण तास झाला की पुस्तक मिटून, खोलीत येरझारा घालीत, वाचलेले स्वतःशी मोठ्याने सांगावे; नाहीतर घरातील एखाद्यास समोर बसवून शिकवावे. कठीण विषय सकाळी घ्यावा, आकृत्या काढणे, उदाहरणे सोडविणे ही हाताची कामे दुपारच्या ओहोटीस ठेवावीत. इतके करूनही रात्री डोळे मिटू लागले, तर ते शरीराचे बोलावणे समजून दिवा मालवावा.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ज्यांस रोज तीन-चार पेल्यांची सवय आहे त्यांनी परीक्षेच्या तोंडावर ती एकाएकी सोडू नये. एका दिवसाच्या आतच डोके दुखू लागते, चित्त उदास होते, आणि हा त्रास काही दिवस टिकतो. दर तीन-चार दिवसांनी एक पेला कमी करावा, आणि तोही रात्रीचा आधी. सकाळच्या एका पेल्यावर आमचा मुळीच राग नाही. आम्ही स्वतः तो घेतो.

हे सर्व आम्ही एका रात्री जेवणे झाल्यावर घरच्या मंडळींपुढे मांडिले, आणि प्रथमच शिंप्याच्या मुलाची गोष्टही सांगितली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग नातीने विचारले, "आजोबा, त्याला तुम्ही नंतर कधी सांगितलंत?"

"त्याला सांगितलं गं. गेल्या गुरुपौर्णिमेस तो आला होता तेव्हा. तो हसला, म्हणाला, गुरुजी, चहा लई ग्वाड हुता. पण त्याच्या वडिलांना सांगायचं राहिलं. ते आता नाहीत."

वडील बंधू अद्याप गप्पच होते. आम्ही विचारले, "दादा, आपल्या त्या चिमणीत तेल किती असायचं?"

"तेल? आई मापानं घालायची. रॉकेल शिध्यापत्रिकेवर मिळायचं. साडेनऊ-दहाला चिमणी विझायची."

"आणि मग?"

"मग काय करणार? निजायचो," असे म्हणून दादा स्वतःच हसू लागले, आणि सर्व घर हसले. चिमणीवर अभ्यास केलेल्या त्या पिढीच्या बुद्धीचे श्रेय आपण चिमणीच्या उजेडास देत आलो. तिच्या विझण्यासही त्यातील काही वाटा दिला पाहिजे.

नातीने सर्व मानले असे नाही. पहिल्या आठवड्यात तिचे डोके दुखले व तिने आमच्यावर रागही काढिला. रात्रीचा बाराचा पेला प्रथम गेला, दहाचा त्यानंतर. आता संध्याकाळी ती आपल्या आजीस समोर बसवून कार्बनी रसायनशास्त्र शिकविते. आजीस त्यातील किती कळते हा प्रश्न नाही, ती मध्येच "का गं?" विचारते आणि तेवढ्याने नातीची चूक नातीस सापडते. परवा ती आईस म्हणाली, "काल सांगितलेलं आज आठवतंय." परीक्षेत काय होईल ते परमेश्वर जाणे. थर्मास फळीवर चढला आहे. सूनबाई आता रात्री साडेदहाला चहाऐवजी केवळ दिवा मालवावयास त्या खोलीत जातात.

ज्या गृहस्थांस तीस वर्षांपूर्वी आम्ही खरे सांगावयास हवे होते, ते ऐकावयास राहिले नाहीत. म्हणून येथे सांगतो: त्यांचा मुलगा कोठेही कमी पडला नव्हता. त्यास झोप हवी होती, आणि आम्ही त्यास चहा दिला.